शंभरातले दोन रुपये
ऊन धरणारे रंग, स्वच्छ इंधन आणि आपला हिशेब

सूर्य कुणाच्या मालकीचा नाही. त्याचे ऊन भुसावळच्या यार्डात राबणाऱ्या गँगमनच्या पाठीवर पडते, तसे ते बंगल्याच्या गच्चीवरही पडते. परंतु उन्हापासून वीज आणि इंधन करायचे म्हटले की मालकीचा प्रश्न लगेच उभा राहतो. जमीन कुणाची, यंत्र कुणाचे, शोध कुणाचा आणि त्यावर खर्च होणारा पैसा कुणाचा? आज देशभर ‘हरित’ या शब्दाचा मोठा गाजावाजा चालू आहे. या गाजावाजात हे चार प्रश्न विचारायचे काम मालकवर्ग करणार नाही, आणि सरकारही आपण होऊन करणार नाही. ते कामगार संघटनांनाच करावे लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी आम्ही येथे एक असा विषय घेतला आहे, जो रेल्वे आणि टपाल कामगारांना प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तो विषय म्हणजे ऊन धरणारे रंग. कापडाला लावतात त्याच जातकुळीचे रंग वापरून वीज तयार करता येते, आणि पुढे पाण्यातून हायड्रोजनसारखे स्वच्छ इंधनही काढता येते. जगभरच्या प्रयोगशाळांत यावर अनेक वर्षे काम चालू आहे. आपल्या देशात राजस्थानात आणि महाराष्ट्रातही चालू आहे. त्याचे पुढे काय होणार, हे केवळ शास्त्रज्ञांनी ठरवायचे नाही.

ऊन वाळवंटात, कागद सी-स्कीममध्ये

जयपूरला बदलीवर किंवा अधिवेशनासाठी जाऊन आलेल्या आपल्या बांधवांना मिर्झा इस्माईल मार्ग, म्हणजेच एम. आय. रोड, माहीत असतो. जयपूरचे मुख्य टपाल कार्यालय याच रस्त्यावर आहे. १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे दिवाण असलेल्या मिर्झा इस्माईल यांचे नाव या रस्त्याला दिलेले आहे. त्या रस्त्याच्या दक्षिणेला सी-स्कीम ही वस्ती लागते. रुंद रस्ते, जुने बंगले, सरकारी महामंडळांच्या कचेऱ्या. मध्ये स्टॅच्यू सर्कलला सवाई जयसिंगाचा पुतळा आहे. सूर्याची सावली मोजण्यासाठी दगडी यंत्रे उभारणारा हा राजा. आज त्याच्या पुतळ्याच्या आसपास सूर्याचा दुसराच हिशेब चालतो.

राजस्थान अक्षय ऊर्जा निगम हे राजस्थान सरकारचे महामंडळ वर्षानुवर्षे ओळखले जाते ते सी-स्कीममधील युधिष्ठिर मार्गाच्या पत्त्याने. ऊर्जा विकास अभिकरण आणि वीज महामंडळ अशा दोन जुन्या सरकारी संस्था एकत्र करून २००२ मध्ये ते स्थापन झाले. त्याच वस्तीत, लोकमान्यांचे नाव असलेल्या टिळक मार्गावर, उद्योगांना जमिनी देणाऱ्या ‘रीको’ या महामंडळाचे उद्योग भवन आहे. वाळवंटातल्या सौर प्रकल्पांची नोंदणी, मंजुरी आणि उद्योगांच्या जमिनी यांच्या फायली या आणि अशाच कचेऱ्यांतून फिरतात. जोधपूरच्या पुढे फलोदीजवळ भडला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. २०१७ मध्ये तेथल्या विजेची बोली युनिटमागे २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आली, तेव्हा देशभर कौतुक झाले. स्वस्त वीज आम्हालाही हवी आहे. परंतु त्या बोलीत पॅनेल पुसणाऱ्या, तारा ओढणाऱ्या, रात्री राखण करणाऱ्या कंत्राटी माणसाची मजुरी किती धरली होती, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी विचारला नाही. भडल्याच्या पॅनेलमध्ये सिलिकॉन आहे, रंग नाही. पण उन्हाच्या उद्योगाची घडी एकदा कशी बसते ते भडल्यात दिसते. रंगांच्या उद्योगाची घडी अजून बसायची आहे. म्हणूनच त्याबद्दल आज बोलले पाहिजे.

रंगाचा रेणू राबतो कसा

विषय थोडा शास्त्राचा आहे, पण समजायला अवघड नाही. झाडाचे पान हिरवे असते ते हरितद्रव्यामुळे. हरितद्रव्य हा रंगच. तो ऊन शोषतो आणि पान त्या शक्तीवर पाणी व हवेपासून अन्न तयार करते. माणसाने हीच युक्ती रंगांच्या साहाय्याने करून पाहिली. १८७३ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना आढळले की फोटोच्या काचेवर विशिष्ट रंग चढवला की एरवी न दिसणारा हिरवा उजेडही ती काच टिपते. १९१२ मध्ये ज्याकोमो चामिचान या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने लिहिले की कोळशाऐवजी उन्हावर चालणारी रसायनविद्या उभी करता येईल. त्या वेळी सगळे जग कोळशावर चालत होते.

खरे वळण आले १९९१ मध्ये. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मिखाएल ग्रेट्सेल आणि ब्रायन ओ’रेगन यांनी रंगाचा सौरघट जगापुढे मांडला. त्याची रचना साधी आहे. काचेवर टायटॅनियम डायॉक्साइडचा अत्यंत बारीक कणांचा थर द्यायचा. हीच पांढरी पूड घरांना लावायच्या ऑइलपेंटमध्ये असते. त्या पांढऱ्या थराला रंगाच्या द्रावणात भिजवायचे, म्हणजे कणाकणावर रंगाचे रेणू चिकटतात. दुसरी काच समोर ठेवून मधल्या फटीत आयोडीनचे क्षार असलेला द्रव भरायचा. ऊन पडले की रंगाचा रेणू आपल्याजवळचा एक इलेक्ट्रॉन पांढऱ्या थराला देतो. तो इलेक्ट्रॉन तारेतून फिरून बाहेर काम करतो आणि दुसऱ्या काचेकडून परत येतो. मधला द्रव तो रंगाच्या रेणूला पोचता करतो. रेणू पुन्हा कामाला तयार.

यातली मेख अशी आहे. दिलेला इलेक्ट्रॉन रेणूला वेळेवर परत मिळाला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. परत मिळायला उशीर झाला, तर रेणू मोडतो, रंग उडतो, घट निकामी होतो. वीस वर्षे टिकायचे असेल तर एकेका रेणूने हा व्यवहार सुमारे दहा कोटी वेळा केला पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. जो राबतो त्याच्याकडून घेतलेले त्याला परत मिळाले नाही, तर कोणतीही व्यवस्था टिकत नाही.

राजस्थानातल्या विद्यापीठांनी या विषयात फार पूर्वीपासून लक्ष घातले आहे. उदयपूरला सुरेश अमेटा आणि जोधपूरला के. एम. गंगोत्री या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकापासून रंगांच्या द्रावणावर चालणाऱ्या घटांचे प्रयोग केले. मलेरियाच्या रक्ततपासणीत वापरतात त्या जातीचे अझूर आणि मेथिलीन ब्लू हे रंग, ग्लुकोजसारखे एखादे साधे द्रव्य, काचेचे भांडे आणि दिवा, एवढ्या सामग्रीवर हे प्रयोग उभे राहिले. त्यातून मिळणारी वीज अगदी थोडी. पण उजेड गेल्यावरही हे घट काही काळ वीज देतात, म्हणजे वीज करणे आणि साठवणे ही दोन्ही कामे एकाच भांड्यात होतात. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसताना, विद्यापीठाच्या साध्या प्रयोगशाळेत, सरकारी पैशावर हे काम झाले, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

महाराष्ट्राचा वारसा

रंगांच्या शास्त्रात महाराष्ट्र तर राजस्थानच्याही पुढे होता. मुंबईच्या गिरण्यांना रंग लागत, ते परदेशातून येत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, जो आपल्याला पुष्कळ वर्षे ‘यूडीसीटी’ म्हणून माहीत होता आणि आता माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जातो. त्याची सुरुवातच कापडाच्या रसायनांपासून झाली. १९३८ पासून त्याची धुरा सांभाळणारे के. वेंकटरामन हे रंगांचे जगन्मान्य अभ्यासक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत पुढे सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने रंगांच्या सौरघटांवर काम केले, आणि जयराज नित्यानंदन यांच्या गटाने स्क्वेअरेन नावाचे गडद रंग अशा घटांसाठी तयार केले. ग्रेट्सेल यांच्या घटातील रंगात रुथेनियम हा दुर्मिळ आणि महाग धातू होता. पुण्यातल्या या रंगांत धातू लागत नाही. म्हणजे ज्या शास्त्राचा पाया गिरणीच्या रंगखात्यासाठी घातला गेला, तेच शास्त्र आज उन्हाची वीज करू पाहते आहे. गिरण्या गेल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले, गिरणी कामगार देशोधडीला लागला. ज्ञान मात्र सार्वजनिक संस्थांत शिल्लक राहिले, कारण ते कुणा एका मालकाच्या तिजोरीत नव्हते. आमचा सगळा मुद्दा या एका वाक्यात येतो.

नाही ते दाखवू नये

येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. रंगाचा सौरघट म्हणजे जादूची कांडी नव्हे. बाजारातल्या सिलिकॉनच्या पॅनेलवर शंभर भाग ऊन पडले तर वीसहून अधिक भागांची वीज होते. रंगाच्या घटाने सुरुवात केली ती सुमारे सात भागांपासून, आणि तीस वर्षांनंतर उत्तम प्रयोगशाळेत तो पंधराच्या आसपास पोचला आहे. काचेतला द्रव उन्हाळ्यात गळतो, उडून जातो. उद्या रेल्वेच्या छपरांवर सिलिकॉन काढून रंगाच्या काचा बसतील असे कुणी सांगू लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

इंधनाचे घोडे तर आणखी मागे आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की त्याच पांढऱ्या टायटॅनियम डायॉक्साइडवर उजेड टाकून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढता येतो. पण ती पांढरी पूड केवळ अतिनील किरण शोषते आणि उन्हात त्यांचा वाटा शंभरात चार-पाचच. बाकीचे ऊन पकडण्यासाठी रंग हवा. म्हणून पांढऱ्या कणावर रंगाचा रेणू आणि शेजारी उत्प्रेरक बसवून पाणी फोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अडचण अशी की पाण्यातून ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि रंगाचा रेणू एका वेळी एकच देऊ शकतो. चार हमालांनी एकदम उचलायची पेटी एकटा हमाल चार खेपांत कशी हलवणार, तसे हे कोडे आहे. तोवर रंग पाण्यात सुटून जातो. हे काम प्रयोगशाळेतच आहे आणि काही वर्षे तेथेच राहील.

मग आम्ही त्याबद्दल लिहितो कशासाठी? कारण ज्या कामाला वीस-तीस वर्षे लागतात ते नफ्यासाठी धावणारी कंपनी करत नाही. ते सार्वजनिक पैशावरच होते. तो पैसा कुठे चालला आहे, ते आता पाहू.

हिशेब

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्याची एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजन तयार करणाऱ्या आणि त्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून द्यायचे. १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना. ३८८ कोटी इतर बाबींना. संशोधन आणि विकासाला ४०० कोटी. शंभर रुपयांचा हिशेब करा. प्रोत्साहनाला सुमारे ८९ रुपये, संशोधनाला दोन रुपये.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते आम्ही टाळणार नाही. पहिला असा की विजेने पाणी फोडून हायड्रोजन करण्याचे तंत्र आज हाताशी आहे, मग आधी कारखाने उभे करणेच शहाणपणाचे. दुसरा असा की संशोधनाला इतर सरकारी खात्यांतूनही पैसा मिळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कारखाने उभे राहावेत, आम्ही त्यांच्या विरोधात नाही. परंतु जनतेच्या शंभरातले ८९ रुपये जेव्हा कंपन्यांच्या खात्यात जातात, तेव्हा त्या बदल्यात जनतेला काय मिळाले हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर हवे. किती कायम नोकऱ्या दिल्या? किती तंत्र देशात शिकले, किती बाहेरून विकत आणले? आणि जे तंत्र आज हाताशी आहे, तेही कुणीतरी कधीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपूनच हाताशी आणलेले आहे. बी पेरायला दोन रुपये आणि पीक कापणाऱ्याला ८९ रुपये, ही शेती कोणता शेतकरी करील?

या दोन रुपयांतही माणूस कसा जगतो ते पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेत रात्रंदिवस रंग शिजवणारी मुले-मुली बहुतेक ठरावीक मुदतीच्या शिष्यवृत्तीवर असतात. शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने अडकते आणि प्रकल्प संपला की काम संपते. आपल्याकडे कंत्राटी हमाल आणि टपालाकडे ग्रामीण डाक सेवक, तसे विज्ञानाकडे हे प्रकल्प सहायक. ते आपल्याच वर्गाचे आहेत, हे आपण आणि त्यांनीही ओळखायला हवे.

रेल्वे कामगारांचा संबंध

इंधन बदलले की रेल्वे कामगाराचे आयुष्य बदलते. वाफेच्या इंजिनावर फावड्याने कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे एक कसब होते. १९९५ च्या अखेरीस ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी बंद झाली आणि ते कसब इतिहासजमा झाले. मग डिझेल शेडच्या फिटरचे दिवस आले. आता ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे आणि डिझेल शेडचे कामगार विजेच्या इंजिनांचे काम शिकत आहेत. प्रत्येक बदलात यंत्राची योजना आधी आली आणि कामगाराच्या प्रशिक्षणाची योजना वरातीमागून घोडे तशी आली.

आता हायड्रोजनची पाळी आहे. रेल्वेने २०२३ मध्ये ३५ हायड्रोजन गाड्यांची योजना जाहीर केली. एका गाडीला सुमारे ८० कोटी आणि प्रत्येक मार्गावरच्या इंधनव्यवस्थेला सुमारे ७० कोटी, असा अंदाज संसदेत सांगण्यात आला. पहिली गाडी हरियाणातील जींद ते सोनीपत मार्गासाठी चेन्नईच्या डबा कारखान्यात तयार झाली. हे आपल्याच कामगारांचे कर्तृत्व आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. वारसा मार्ग म्हणून ज्यांची नावे पुढे आली त्यांत १९०७ पासून धावणारी आपली नेरळ-माथेरान गाडी आहे आणि राजस्थानातला मारवाड ते देवगड मदारिया मार्गही आहे.

हायड्रोजन हा वायू अत्यंत हलका. बारीकशा फटीतून निसटतो, चटकन पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. नेरळच्या शेडमध्ये उद्या ही टाकी आली, तर तिच्याखाली झोपून नट आवळणारा कामगार कायमचा आणि प्रशिक्षित असणार, की ठेकेदाराने आठवड्यापूर्वी आणलेला पोरगा असणार? गाडी येण्याआधी हे लेखी ठरले पाहिजे. शिवाय एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. माथेरानच्या डोंगरावर काय आणि राजस्थानात काय, पाणी ही चैन नव्हे. ते कुठून येणार, हेही आधीच सांगितले पाहिजे.

टपाल कामगारांचा संबंध

रंगाच्या घटाचा एक गुण सिलिकॉनमध्ये नाही. तो मंद उजेडातही चांगला चालतो. २०१७ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांनी दाखवले की खोलीतल्या दिव्याच्या उजेडात रंगाचा घट जवळजवळ २९ टक्के उजेडाची वीज करू शकतो. तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतही अशा घरगुती उजेडावरच्या घटांचे काम चालू आहे. त्याने पंखा फिरणार नाही, पण तापमान किंवा हजेरी नोंदवणारी, लेबल वाचणारी लहान उपकरणे चालू शकतात.

टपाल खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये ‘दर्पण’ योजना सुरू केली. सुमारे एक लाख २९ हजार ग्रामीण शाखा टपाल कार्यालयांना हातातली यंत्रे द्यायची, ती सौर पॅनेलवर भारित करायची, अशी ती योजना. कल्पना चांगली होती. पण यंत्र हाती आले, रेंज नाही, बॅटरी धरत नाही, दुरुस्तीला पाठवले तर परत येत नाही, आणि गावकऱ्यांची बोलणी खायची ती शाखा डाकपालाने, ही तक्रार गावोगावचे डाक सेवक करत आले आहेत. कौलारू खोलीतल्या अर्ध्या उजेडात चालणारा, फुटला तर तालुक्यालाच बदलता येणारा देशी घट त्याला मिळाला तर त्याचा भार हलका होईल. परंतु तोच लहान घट छावणीतल्या सॉर्टरच्या टेबलावर त्याचे मिनिट-मिनिट मोजणारे उपकरणही चालवू शकतो. उपकरण कशासाठी, हे ठरवताना कामगाराचा प्रतिनिधी टेबलावर असला पाहिजे. एवढे झाले तर तंत्राला घाबरायचे कारण नाही.

रंग बनवणाऱ्याचे काय?

‘स्वच्छ’ इंधनाचा रंग स्वच्छ हातांनी बनत नाही. रंगाच्या धंद्याचा इतिहास कामगारांच्या आजारांचा इतिहास आहे. बेन्झिडीनसारख्या द्रव्यांमुळे रंग कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी सिद्ध केले. तरी आपल्याकडे अशा घातक रंगांवर बंदी आली ती १९९० च्या दशकात, आणि तीही जर्मनीने १९९४ मध्ये त्या रंगांचा माल नाकारायचे ठरवल्यानंतर खऱ्या अर्थाने मनावर घेतली गेली. कामगाराच्या जिवापेक्षा निर्यातीची काळजी आधी आली.

सी-स्कीमपासून थोड्या अंतरावर सांगानेर आहे. तेथल्या छापील चादरी आपल्या घरोघरी असतात. त्या रंगांचे पाणी वर्षानुवर्षे नाल्यांतून वाहिले आणि विहिरींत उतरले. पालीला बांडी नदीचे तेच झाले. आपल्याकडे डोंबिवलीत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. सौरघटाचा रंग तयार करायलाही ज्वलनशील द्रावणे लागतात. आज तो प्रयोगशाळेत थोड्या ग्रॅममध्ये होतो. उद्या टनांनी करायची वेळ आली, तर तो अंबरनाथ, तळोजा, तारापूरच्या शेडमध्ये कोण आणि कशा स्थितीत करणार? शोध लहान असतानाच हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळण्याची आशा असते. कारखाना उभा राहिल्यावर मिळते ते फक्त पंचनाम्याचे उत्तर.

आमच्या मागण्या

काही बांधव म्हणतील, पगार, पेन्शन, रिकाम्या जागा हे प्रश्न असताना हा नवा विषय कशाला? आमचे उत्तर असे की रिकाम्या जागा आणि ठेकेदारी यांचा पुढचा मुक्काम याच वाटेवर आहे. जो उद्योग अजून उभा राहायचा आहे, त्याच्या अटी आजच बदलता येतात. म्हणून संघटनांनी पुढील मागण्या लावून धराव्यात.

एक, हरित हायड्रोजनच्या सार्वजनिक पैशातला संशोधनाचा वाटा शंभरात दोनवरून किमान दहावर न्यावा, आणि त्यात रंगांवर आधारित सौर संशोधनाला स्वतंत्र तरतूद असावी.

दोन, प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने कायम नोकऱ्या, वेतन आणि सुरक्षेचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. तो नसेल तर पैसा नाही.

तीन, सरकारी प्रयोगशाळेत लागलेला शोध आधी सार्वजनिक कारखान्यांना मिळावा. रेल्वेचे कारखाने अशा वस्तू बनवू शकतात, हे त्यांनी वारंवार सिद्ध केले आहे.

चार, रेल्वेत हायड्रोजन येण्याआधी तेथल्या कायम कामगारांना प्रशिक्षण द्यावे. इंधनाच्या कामात ठेकेदारी नको.

पाच, ग्रामीण डाक सेवकांची उपकरणे निवडताना त्यांच्या संघटनांचे म्हणणे ऐकावे आणि दुरुस्तीची सोय तालुक्यात असावी.

सहा, संशोधक विद्यार्थी आणि प्रकल्प सहायकांना दरमहा ठरल्या तारखेला मोबदला मिळावा, आणि रंग बनवणाऱ्या कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी सक्तीची व्हावी.

महाराष्ट्र सरकारनेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले आहे. तेव्हा हा केवळ दिल्लीचा किंवा जयपूरच्या सी-स्कीममधल्या कचेऱ्यांचा विषय नाही, तो मंत्रालयाच्याही दारात उभा आहे. आपल्या शाखांनी पुढच्या सभेत अभियानाचे हे आकडे फळ्यावर लिहावेत. १७,४९० आणि ४००. त्यांच्यापुढे आपल्या शेडमधल्या, आपल्या कार्यालयातल्या रिकाम्या जागांचा आकडा लिहावा. मग चर्चा करावी आणि ठराव करून वर पाठवावा. उन्हाचे पीक येणारच आहे. ते खळ्यावर आले की वाटणीला बसण्यापेक्षा, पेरणीलाच आपले माणूस शेतात असलेले बरे.